दर पावसात हवा गळते? टेप गुंडाळण्याआधी हे तपासा

आमच्या घराच्या पडवीतच गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना आहे. गाव वेंगुर्ला तालुक्यात, समुद्र तीन-चार किलोमीटरवर. मातीकाम वैशाखापासून चालतं, पण रंगकाम येतं ते आषाढ-श्रावणात, म्हणजे भर पावसात. अस्तर आणि अंगाचा रंग स्प्रे गनने, छटा एअरब्रशने, डोळ्यांची आखणी मात्र हातानेच. हवेसाठी दीड एचपीचा कॉम्प्रेसर आहे. टाकी ५० लिटरची. दाब ५ किलोला (दर चौरस सेंटिमीटरला) उतरला की चालू होतो, ८ किलोला बंद पडतो.

सलग तीन वर्षं एकच त्रास झाला. मे महिन्यात हवेची लाइन, म्हणजे टाकीपासून गनपर्यंतचा पाइप आणि त्याचे जोड, ठणठणीत असायची. जुलै उजाडला की कोणी गनला हात लावलेला नसताना कॉम्प्रेसर दर पंधरा मिनिटांनी चालू व्हायचा. आई वैतागून म्हणायची, "रातभर धडधडता हा तो पंप, झोप कशी येतली?" मी आटे सोडवायचो, टेप गुंडाळायचो, पुन्हा आवळायचो. पंधरा दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी खरं कारण सापडलं. ते आट्यांत नव्हतं. ते खाली सविस्तर लिहितो, पण आधी साधी कारणं तपासायला हवीत, कारण बहुतेकांची गळती तिथेच असते.

गळतीकडे दुर्लक्ष करू नये, याचं विजेच्या बिलापेक्षा मोठं कारण पाणी आहे. ३० अंशाला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. आपल्याकडे पावसात हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे २७ ग्रॅम. ही हवा ८ किलोपर्यंत दाबली आणि पुन्हा थंड झाली, की त्यातले जेमतेम साडेतीन ग्रॅम वाफ म्हणून टिकतात. उरलेलं सगळं पाणी होऊन पडतं. मिनिटाला १०० लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासभर सलग चालला, तर सुमारे १४० मिलिलिटर पाणी आत येतं. ते टाकीतच पडलं तर ठीक. पण गळतीमुळे कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो, टाकी तापते, हवेला थंड व्हायला उसंत मिळत नाही. मग वाफ टाकी ओलांडून पाइपात जाते, तिथे थंड होते आणि गनमधून थेंब होऊन मूर्तीच्या गालावर उडते. शाडूच्या मूर्तीवर असा थेंब पडला की अस्तरापर्यंत खरवडून पुन्हा रंग चढवावा लागतो. लोक फिल्टर बदलतात, गन बदलतात. आधी गळती शोधा.

किती गळते ते मोजा

टाकी ८ किलोपर्यंत भरा आणि कॉम्प्रेसरचं बटण बंद करा. टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व्हही बंद करा. दहा मिनिटांनी काटा बघा. उतरला नसेल तर टाकी चांगली आहे. आता व्हॉल्व्ह उघडा, पाइप जोडलेला ठेवा, गन काढून ठेवा, आणि पुन्हा दहा मिनिटं थांबा. काटा ८ वरून ६ वर आला, तर हिशेब सोपा आहे: २ गुणिले ५० म्हणजे १०० लिटर हवा दहा मिनिटांत गेली, मिनिटाला १० लिटर. एक लहान एअरब्रश दिवसरात्र चालू ठेवल्यासारखंच झालं हे. ७ किलो दाबाला जेमतेम १ मिलिमीटर भोकातून मिनिटाला साठ-सत्तर लिटर हवा जाते, म्हणून बारीक भोक म्हणून सोडून देऊ नका. मी हा आकडा दर वेळी तारखेसह भिंतीवर खडूने लिहून ठेवतो. दुरुस्ती झाली की नाही ते कानाने नाही, आकड्याने कळतं.

पहिल्याच चाचणीत, म्हणजे तोंडाचा व्हॉल्व्ह बंद असतानाच काटा उतरला, तर पाइपाच्या मागे लागू नका. कॉम्प्रेसर दाबानुसार चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचकडे कान द्या. कॉम्प्रेसर बंद होताना एक-दोन सेकंद 'फुस्स' होतं ते बरोबरच आहे, हेडमधली हवा सोडली जाते. ते थांबतच नसेल, तर टाकीवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसत नाही आणि टाकीतली हवा उलटी येऊन तिथून निघते. टाकी पूर्ण रिकामी करून तो उघडावा, आतली चकती आणि तिची बैठक साफ करावी. पावसाळ्यात तिथे गंजाचा भुसा अडकतो. गळती इथे नसेल तर टाकीखालचा पाणी काढायचा ड्रेन कॉक आणि सेफ्टी व्हॉल्व्ह साबणाने बघा.

साबणाचं पाणी म्हणजे भांडी घासायचं लिक्विड थोड्या पाण्यात कालवून, जुन्या मऊ ब्रशने प्रत्येक जोडाला लावायचं. घाई करू नका. मोठी गळती लगेच बुडबुडा फुगवते, बारीक गळती अर्ध्या मिनिटाने पांढरा फेस धरते. एरवी रात्रीच्या शांततेत कानानेही कळतं, पण कौलांवर पाऊस कोसळत असताना कानाचा काही उपयोग नाही. काम झाल्यावर स्वच्छ पाण्याने पुसून घ्या.

काहीही सोडवण्याआधी मेन स्विच बंद करून टाकी शून्यावर आणायची. "एक मिनिटाचं तर काम आहे" म्हणून दाब असताना आटा सोडवला, तर फिटिंग गोळीसारखी उडते. यात सवलत नाही.

पाइपाचं टोक

सगळ्यात जास्त गळती इथे असते, होज निपलवर पाइप चढवलेला असतो तिथे. रोज तिथेच पाइप वाकतो, म्हणून टोक कडक पडतं आणि क्लिपखाली बारीक चिरा जातात. क्लिप आवळून ती बंद होत नाही. टोकाचे दोन इंच कापून टाका. हॅक्सॉने कापू नका, भुसा आत जातो. धारदार ब्लेडने एका दमात, काटकोनात कापा. टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा, निपलला साबणाचं पाणी लावा आणि पूर्ण खांद्यापर्यंत सरकवा. तेल किंवा ग्रीस नको. ते हवेबरोबर गनमध्ये गेलं की रंगावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

मापं नीट बघा. ३/८ इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, ५/१६ म्हणजे जवळजवळ ८. साडेनऊच्या पाइपात ८ चा निपल घालून क्लिपने चेपला, तर पाइपाला घडी पडते आणि त्या घडीतून हवा कायम जात राहते.

जुबली क्लिप घेताना खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. पट्टी चकाकते, पण तिचा स्क्रू बऱ्याचदा साध्या लोखंडाचा असतो. खाऱ्या हवेत एका पावसात तो गंजून जाम होतो, मग क्लिप ना आवळता येते ना सोडता. स्क्रूलाही चुंबक चिकटत नसेल ती क्लिप घ्या.

पाइप पीयूचा (पॉलियुरेथेनचा) असेल आणि बोटाला चिकट लागत असेल किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील, तर टोक कापून काही होणार नाही. पॉलिएस्टर जातीचं पीयू उष्ण, दमट हवेत पाण्यानेच विघटन पावतं. दुकानात पॉलिइथर जातीचं मागा, आपल्या हवेत तेच टिकतं. दाबून बसवायच्या फिटिंगमध्ये पीयू पाइप गळत असेल, तर टोक तिरकं कापलेलं किंवा ओरखडलेलं असतं. सेंटिमीटरभर सरळ कापून पुन्हा बसवलं की बहुतेक वेळा भागतं.

आणि घराच्या नळाचा कडक पांढरा पीव्हीसी पाइप हवेसाठी कधीही वापरू नका. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तो पाइप फुटला तर नुसता चिरत नाही, त्याचे सुऱ्यासारखे तुकडे खोलीभर उडतात. स्वस्त पडतो म्हणून बऱ्याच ठिकाणी लावलेला बघतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

आटे आणि टेप

आपल्याकडच्या फिटिंगचे आटे बहुतेक बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे असतात. पाव इंची बीएसपीला इंचाला १९ आटे, कोन ५५ अंशांचा. अमेरिकी एनपीटीला त्याच मापात १८ आटे, कोन ६० अंशांचा. एअरब्रशच्या १/८ मापात हेच आकडे २८ आणि २७ आहेत. ऑनलाइन मागवलेली गन, रेग्युलेटर किंवा एअरब्रशचा पाइप कधी कधी एनपीटी निघतो. एकमेकांत ते दीड-दोन फेरे फिरतात, मग जाम होतात. वाटतं की घट्ट बसलं. प्रत्यक्षात दोन-तीन आटेच अडकलेले असतात आणि टेपचे कितीही थर दिले तरी हवा आट्यांच्या नागमोडी वाटेने बाहेर येते. योग्य जोड हाताने तीन-चार फेरे सहज जातो. तसा जात नसेल तर पाना लावू नका, जुळणारं कन्व्हर्टर निपल आणा.

दुसरी गोष्ट, आटे निमुळते आहेत की सरळ ते बघा. निमुळत्या आट्यांत टेप काम करते. सरळ आट्यांत हवा अडवतो तो तोंडाचा वॉशर, फायबरचा, तांब्याचा किंवा रबर बसवलेला डाउटी वॉशर. तिथे वॉशर बदलायचा, टेपचा उपयोग नाही.

टेप गुंडाळताना आट्याचं तोंड आपल्याकडे ठेवून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तीन-चार फेरे द्या, ताणून. पहिला आटा उघडा ठेवा. नाहीतर टेपची तार तुटून आत जाते, आणि एअरब्रशचं ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरचं नोझल बंद करायला तेवढी तार पुरते. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने दीड फेरा. दोन पाने वापरा, एकाने धरा, दुसऱ्याने फिरवा. एल्बोची दिशा जमत नाही म्हणून आवळलेला जोड थोडा मागे फिरवला, की टेपची घडी उलटते आणि तो जोड गळणारच. सोडवा, टेप साफ करा, नव्याने करा.

क्विक कपलर

पाइप झटकन जोडता-काढता येणाऱ्या या कपलरची गळती ओळखायला सोपी आहे. प्लग घातला की फुसफुस, काढला की शांत. आतली रबरी ओ-रिंग गेलेली असते किंवा प्लगच्या नाकावर ओरखडा असतो. शाडूची वाळलेली धूळ बारीक पॉलिश पेपरसारखी घासते, म्हणून कपलर जमिनीवर टाकू नका, पाइप गुंडाळून टांगा. साफ करायला थिनर वापरू नका, साधी नायट्राइलची रिंग थिनरने फुगते आणि मग तुटते. जपानी आणि युरोपी घाटाचे प्लग दिसायला सारखे असतात, कधी एकमेकांत बसतातही, पण हवा धरत नाहीत. सगळी लाइन एकाच घाटाची ठेवा.

आमची गळती

आता मूळ गोष्टीवर येतो. वरचं सगळं मी केलं होतं. पाइप नवा, क्लिपा नव्या, आटे बीएसपीच, टेप नीट. तरी तिसऱ्या जुलैत काटा दहा मिनिटांत दोन किलो उतरला. साबण लावत गेलो. एका पितळी कपलरला जोडावर बुडबुडा नव्हता. बुडबुडा येत होता षटकोनी नटाच्या सपाट भागाच्या मध्यावर, जिथे ना आटा आहे ना वॉशर. पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. आखणीसाठी वापरतो ते भिंग घेऊन बघितलं, तर केसाएवढी चीर, नटाच्या लांबीने, सरळ. कुठे पोचा नाही, वाकलेलं नाही, गंज नाही. वाळलेला बांबू उभा चिरत जातो तशी. चिरेच्या कडेला निळसर छटा होती. मग जुन्या फिटिंगचा डबा उपडा केला. आधीच्या दोन वर्षांत 'आटे गेले' म्हणून काढून टाकलेल्या सात पितळी तुकड्यांपैकी पाच जण तसेच चिरलेले होते.

आमची पडवी आणि गोठा यांच्यात एकच भिंत आहे, वरून उघडी. पाइप गुंडाळून त्याच भिंतीवर खुंटीला टांगलेला असायचा. उन्हाळ्यात गुरं बाहेर असतात, वारा खेळता असतो. पावसात गुरं आत, दारं बंद, मूत्राचा तो डोळ्यांना झोंबणारा वास दिवसरात्र. तो वास अमोनियाचा. पितळात तांब्याबरोबर जस्त असतं. आतून ताण असलेल्या पितळाला ओलावा आणि अमोनिया एकत्र मिळाले, की ते कणांच्या सांध्यांतून चिरत जातं. निमुळता निपल पितळी कपलरमध्ये आवळत गेलं, की पाचर ठोकल्यासारखा कपलर बाहेरच्या बाजूला ताणला जातो. म्हणजे ताण मी देत होतो, ओलावा पाऊस देत होता आणि अमोनिया गोठा. गळतं म्हणून मी आणखी आवळायचो, आणि त्या आवळण्याने पुढची चीर पडायची.

हे दुखणं नवं नाही, आणि ते पहिल्यांदा लक्षात आलं ते आपल्याच देशात. ब्रिटिश काळात इथलं सैन्य पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या पागेत ठेवायचं. पाऊस सरल्यावर काडतुसांच्या पितळी नळ्या चिरलेल्या सापडायच्या, विशेषतः जिथे नळी गोळीभोवती आवळलेली असते तिथे. ऋतूशी जोडलेलं म्हणून इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. कारणाचा उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी केला: घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया आणि धातूत घडवतानाच राहिलेला ताण. पागेच्या जागी गोठा आणि काडतुसाच्या जागी कपलर ठेवला, की आमची पडवी झाली. हे वाचलं तेव्हा तीन वर्षांचं कोडं सुटल्यासारखं वाटलं.

तुमच्याकडे गोठा नसेल, पण कोंबड्यांचं खुराडं किंवा शेणखताची रास कामाच्या जागेला लागून असेल, तरी हीच शक्यता धरा. खूण लक्षात ठेवा: फिटिंग बाहेरून धडधाकट, चीर लांबीने, बुडबुडा जोडापासून दूर. अशी फिटिंग दुरुस्त होत नाही. डाग देऊन, एपॉक्सी पुट्टी लावून चालवू नका, दाबाखाली ती अचानक उघडते. फेकून द्या.

मी काय बदललं ते सांगतो. पाइपाची खुंटी गोठ्याच्या भिंतीवरून काढून माजघराच्या बाजूला नेली. हे फुकटात झालं आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. पितळी कपलर काढून स्टेनलेसचे लावले. ते कोल्हापूरला उद्यमनगरात मिळाले, महाग पडले, पण दर वर्षी तीन-चार पितळी फेकण्यापेक्षा परवडले. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवर समुद्राजवळ चहाच्या डागांसारखे तांबूस ठिपके येतात, त्याने गळती होत नाही, पुसलं की जातात. अगदी किनाऱ्यावर घर असेल तर ३१६ घ्या. स्टेनलेसचे आटे एकमेकांत कोरडे फिरवले तर पकडून बसतात, म्हणून तिथे टेप लागतेच. स्टेनलेस परवडत नसेल तर गनमेटल विचारा. त्यात जस्त कमी असतं, म्हणून ते असं सहसा चिरत नाही. साध्या लोखंडी फिटिंग मात्र टाळा. त्या चिरत नाहीत, पण गंजाचा भुसा थेट गनमध्ये सोडतात.

टाकीचं तोंड लोखंडीच असतं, त्याला इलाज नाही. त्यात पितळ किंवा स्टेनलेस बसवलं की खाऱ्या ओलाव्यात लोखंडाची बाजू खाल्ली जाते. म्हणून तो एक जोड मी दर वर्षी मे अखेरीस उघडतो, तारेच्या ब्रशने आटे साफ करतो आणि नव्या टेपने बसवतो. पावसात रोज काम संपलं की टाकीचं पाणी काढतो, तेव्हा थोडा दाब शिल्लक ठेवतो म्हणजे पाणी जोरात निघतं. रात्री टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह बंद.

आमचे काका वयाच्या बाराव्या वर्षापासून मूर्ती करतात. फुसफुस ऐकली की अजून सांगतात, "आजून जरा आवळ रे." त्यांना मी चिरलेला कपलर भिंगाखाली दाखवला. बराच वेळ त्यांनी तो बोटांत फिरवला आणि आवळायचा पाना माझ्या हातातून काढून पेटीत ठेवला.

गेल्या शनिवारी रात्री टाकी ८ किलोवर ठेवून, तोंडाचा व्हॉल्व्ह मुद्दाम उघडा ठेवून झोपलो. सकाळी काटा साडेसातवर होता. ५० लिटरच्या टाकीतून आठ तासांत २५ लिटर. तेवढी गळती रेग्युलेटरजवळच्या जुन्या पितळी एल्बोची आहे, साबणाने बघितली. नागपंचमीला लोक पाट घेऊन यायला लागतील, त्याच्या आत तो बदलायचा आहे.